ढोल, डफ आणि रॅप

गेल्या वर्षी चौदा एप्रिलच्या तयारीसाठी आमच्या वाडीच्या विहारात बैठक बसली होती. सावंतवाडीपासून थोड्या अंतरावरची ही बौद्धवाडी. घरे चाळीस, मते एकेचाळीस. विषय एकच होता : जयंतीच्या रात्री गाणे कोणते? आम्हा म्हाताऱ्यांना शाहिरी जलसा हवा होता. चाळिशीतल्या मंडळींना मोठे स्पीकर लावून प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे यांची भीमगीते हवी होती. आणि कॉलेजात जाणारी पोरे म्हणत होती, आम्हाला अर्धा तास द्या, आम्ही रॅप करतो.

एस.टी.त वाहक म्हणून अठ्ठावीस वर्षे काढलेला मी त्या बैठकीचा अध्यक्ष होतो. मी फार विचार न करता सांगून टाकले, "रॅप हे आपले गाणे नव्हे. ती अमेरिकेतली थेरं. बाबासाहेबांच्या जयंतीला नकोत."

माझा नातू शांतपणे म्हणाला, "आबा, आधी आयका तरी. तुमचा गाणा कानान आयकूचा लागता, आमचा छातीत वाजता." आणि त्याने मोबाईलवर आपले गाणे लावले. शब्द मला नीट कळले नाहीत, कारण शब्द सुरू होण्याआधी ढोल वाजला. तो यंत्रातला ताल नव्हता. पालखीपुढे वाजतो तो आमच्या गावचा ढोल होता. पोराने तो जत्रेत उभे राहून मोबाईलवर टिपून घेतला होता. मी बैठक तशीच सोडून बाहेर आलो.

कारण सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुढे जाणार नाही. माझे वडील तो ढोल वाजवीत. गावरहाटीत ते आमच्या घराच्या वाट्याला आलेले काम होते. पालखी निघाली की पुढे चालायचे, वाजवायचे, आणि देवळाच्या पायरीशी पोचल्यावर थांबायचे. ढोल आत ऐकू जात असे, वाजवणारा जात नसे. रात्री दशावतारी नाटक लागे तेव्हा आमची माणसे मांडवाच्या कडेला, उजेड संपतो तिथे बसत. १९५६ साली नागपूरला धर्मांतर झाले आणि त्याची हाक कोकणात पोचली, तेव्हा वडिलांनी ढोल खाली ठेवला तो कायमचा. गावाने बोलावणी पाठवली, दमदाटी केली, खळ्यावरचे धान्य बंद केले. त्यांनी पुन्हा टिपरू हातात घेतले नाही. आमच्या घरात स्वाभिमान या शब्दाचा अर्थ तो न वाजलेला ढोल असा होता. आणि आता त्यांचा पणतू तोच आवाज जयंतीच्या मंचावर आणायचे म्हणत होता.

त्यानंतर मी रागाने का होईना, ऐकू लागलो. नातवाला शेजारी बसवून विचारू लागलो. त्यातून जे समजले ते इथे मांडतो, कारण आमच्या वाडीत जो वाद झाला तो इतर वाड्यांतूनही होत असणार.

हिपहॉप हे एका गाण्याचे नव्हे, एका वस्तीच्या संस्कृतीचे नाव आहे. तबकड्या फिरवून ताल धरणारा डीजे, त्या तालावर बोलणारा एमसी, जमिनीवर अंग टाकून नाचणारा ब्रेक डान्सर आणि भिंतीवर अक्षरे रंगवणारा, अशी तिची चार अंगे सांगतात. रॅप हे त्यातले शब्दांचे अंग. तिचा जन्म न्यूयॉर्क शहरातील ब्राँक्स या भागात झाला असे मानतात. ११ ऑगस्ट १९७३ रोजी तेथील एका गृहसंकुलात कूल हर्क नावाच्या जमैकाहून आलेल्या तरुणाने आपल्या बहिणीसाठी नाचगाण्याचा कार्यक्रम केला. शाळा उघडण्याआधी कपडे घ्यायला पैसे हवेत, हा बहिणीचा साधा हेतू. हर्कच्या ध्यानात आले की, गाण्यात मध्येच जिथे केवळ ताल उरतो तिथे पोरे बेभान होऊन नाचतात. तो ताल काही क्षणांचाच असे. मग एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर लावून तो तेवढाच तुकडा आलटून पालटून लांबवू लागला. वाद्ये विकत घ्यायला पैसे नसलेल्या वस्तीने दुसऱ्याच्या गाण्यातून आपले वाद्य काढले, असा याचा अर्थ.

ब्राँक्सची स्थिती त्या वेळी काय होती? वस्तीच्या पोटातून मोटारींचा मोठा रस्ता नेल्याने हजारो कुटुंबे उठली होती, घरे ओस पडून जळत होती. आरंभीचे रॅप तरी मौजेचेच होते. १९८२ साली 'द मेसेज' हे गाणे आले आणि त्या पडक्या वस्तीतील जगणेच रॅपचा विषय झाले. आपल्याकडे याच सुमारास काय चालले होते ते आठवावे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली होती, आणि तिचे नाव अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलेले होते. नाव घेताना आपल्याला परकेपणा वाटला नाही. मग गाणे घेताना का वाटावा? हा प्रश्न नातवाने मला विचारला, आणि मला उत्तर देता आले नाही.

आता रचनेकडे पाहू. रॅपमध्ये चार मात्रांचे एक आवर्तन असते, आणि साधारण सोळा आवर्तनांचे एक कडवे धरतात. यमक बहुधा आवर्तनाच्या शेवटी पडते, पण कसलेला रॅपर ते मध्येच, आडवेतिडवे पेरतो. कुठे घाई करायची, कुठे थांबायचे, यालाच ही पोरे 'फ्लो' म्हणतात. मराठी माणसाला हे अनोळखी नाही. अभंगात सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांचे चरण असतात, दुसऱ्या-तिसऱ्याचे यमक जुळते आणि चौथा आखूड चरण टाळीसारखा येतो. जोतीराव फुल्यांनी याच वळणावर अखंड रचले. पोवाड्यात शाहीर मध्येच गाणे सोडून बोलू लागतो, आणि डफ मात्र चालूच राहतो. ते बोलणे गद्य नव्हे आणि गाणेही नव्हे.

आमच्या जिल्ह्यात तर याहून जवळची साक्ष आहे. भजनाची डबल बारी ऐकलेल्याला रॅपची लढत समजावून सांगावी लागत नाही. एका मांडवात दोन बुवा समोरासमोर, दोघांच्या मागे झांजा, मृदंग आणि कोरस. एकाने गजरातून प्रश्न टाकायचा, चिमटा काढायचा. दुसऱ्याने आपल्या बारीत त्याची सव्याज परतफेड करायची. श्रोते पहाटेपर्यंत हलत नाहीत. दशावतारातही संवाद लिहिलेले नसतात, नट ते उभ्याउभ्या रचतो. आयत्या वेळी शब्द जुळवण्याचे हे कसब ज्या मातीत आहे, तिथल्या पोरांना रॅप लवकर साधला तर नवल नाही. मात्र त्या मांडवांत आमची जागा कुठे होती, हे मी वर सांगितलेच आहे. कला मातीतली असते, पण माती सर्वांची सारखी नसते.

मग आवडी वेगळ्या का? माझ्या समजुतीप्रमाणे आमच्या वाडीतल्या तीन बाजू तीन निरनिराळ्या भुका घेऊन बसल्या होत्या. आम्हा म्हाताऱ्यांना गाण्यातून निरोप हवा असतो. आम्ही वाचायला उशिरा शिकलो; बाबासाहेब आम्हाला आधी वामनदादा कर्डकांच्या गाण्यांतून भेटले, ग्रंथांतून नंतर. म्हणून शब्द कळला नाही की आम्हाला गाणे फुकट गेल्यासारखे वाटते. मधल्या पिढीला गर्दी हवी असते. वर्षभर मुंबईत, गोव्यात विखुरलेली माणसे एक दिवस रस्त्यावर एकत्र येतात, तेव्हा त्यांना सर्वांच्या तोंडी असलेले धृपद लागते. आणि पोरांना 'मी' म्हणायचे असते. भीमगीतातला बोलणारा बहुधा 'आम्ही' असतो. रॅपमधला 'मी' असतो, आपले नाव, आपली वाडी, आपला अपमान सांगणारा. आत्मकथनांनी आपल्या साहित्यात जे केले तेच हे पोरगे तीन मिनिटांत करू पाहते. यांतली एक भूक खरी आणि दुसरी खोटी, असे म्हणता येत नाही.

पोरांतही एकमत नव्हते, हे मला मागाहून कळले. काहींना केवळ छाती हादरवणारा खर्ज हवा. तो १९८० साली निघालेल्या रोलंड कंपनीच्या ताल-यंत्रापासून रॅपमध्ये रुळला. काहींना शब्द हवेत. ती मुले ओडिशाचा सुमीत सामोस किंवा तामिळनाडूचा अरिवू ऐकतात, भाषा न कळताही अर्थ शोधत. काहींना २०१९च्या 'गल्ली बॉय' चित्रपटानंतर गोडी लागली, आणि त्यांना जुनी मुले नवशिके म्हणून हिणवतात. म्हणजे प्रत्येक पिढीत सोवळेओवळे आहेच.

बैठकीत खरा आक्षेप मात्र आमच्या महिला मंडळाने घेतला. एक भगिनी म्हणाल्या, "मोठ्या आवाजाचा मला काही नाय. पण ह्या गाण्यांत बाईला काय म्हणतात ते आयकलात काय?" पोरे म्हणाली, शिव्या हा विद्रोह आहे. इथे मला थांबावेसे वाटते. १९७२ साली नामदेव ढसाळांचा 'गोलपीठा' आला तेव्हाही भाषेवरून पांढरपेशे वाचक दचकले होते. पण गोलपीठ्यातली भाषा जिथून आली तिथल्या बाईची बाजू घेऊन आली होती. बाजारू रॅपमधली शिवी बाईवरच पडते. शब्द उग्र आहे की नाही, ही कसोटी पुरेशी नाही. तो कुणावर पडतो, हे पाहावे लागते. वरच्यावर पडणारी शिवी विद्रोह असू शकते. खालच्यावर पडणारी शिवी ही जुनीच व्यवस्था आहे, ताल तेवढा नवा. पोरांनी हे मुकाट्याने ऐकले, आणि एक गाणे यादीतून काढले.

राहिला ढोल. वडिलांनी तो टाकला, तो नकार होता, आणि त्या नकाराशिवाय आम्ही माणूस झालो नसतो. पण आपल्या चळवळीत दुसरीही वाट आहे. १९३०च्या दशकात भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला तो तमाशाच्या साच्यावर. तमाशा ही आपल्याच माणसांकडून करमणुकीसाठी करवून घेतलेली कला होती. त्यांनी ती टाकली नाही, फिरवली. त्याच ढोलकीवर शिक्षण आणि समता सांगितली. तामिळनाडूत पराई नावाचे चामड्याचे वाद्य दलितांकडून मयताला वाजवून घेत. काहींनी ते अपमानाचे म्हणून सोडले, आणि पुढे त्यांच्यातल्याच तरुणांनी मुक्तीचे वाद्य म्हणून उचलले. पा. रंजित आणि तेन्मा यांनी उभ्या केलेल्या 'कास्टलेस कलेक्टिव्ह'ने जानेवारी २०१८मध्ये चेन्नईत पहिला कार्यक्रम केला, त्यात गाना, रॅप आणि वस्तीचे ताल एकत्र होते. टाकणे आणि फिरवणे यांत विरोध नाही. ज्याने आधी टाकून दाखवले, त्याच्याच नातवंडांना फिरवण्याचा अधिकार येतो. टाकलेच नसते तर ती वेठ चालू राहिली असती.

धोके आहेत, तेही पोरांना सांगितले पाहिजेत. अरिवूने आपल्या आजीच्या, श्रीलंकेच्या चहामळ्यांत राबून भूमिहीन परतलेल्या पिढीच्या आठवणीतून 'एन्जॉय एन्जामी' लिहिले. मार्च २०२१मध्ये आलेले ते गाणे कोट्यवधी लोकांनी ऐकले. पण त्याच वर्षी एका संगीत मासिकाच्या मुखपृष्ठावर त्या गाण्याची गायिका आली, अरिवू आला नाही, आणि मोठा वाद झाला. ढोल आत ऐकू जातो आणि वाजवणारा पायरीवर राहतो, ही रीत अजून गेलेली नाही. दुसरा धोका सत्तेचा. २०२३ साली महाराष्ट्रात राजकीय रॅप केल्यावरून तरुणांवर गुन्हे नोंदवले गेले. शाहिरांच्या वाट्याला हे पूर्वीपासून आले आहे.

मी नातवाला पणजोबांची गोष्ट सांगितली. त्याला ती ठाऊक नव्हती. हा दोष त्याचा नव्हे, माझा. आम्ही अपमान लपवला, आणि त्याबरोबर त्यावरचा विजयही लपवला. तो बराच वेळ गप्प होता. मग विचारले, "मगे ढोल काढू?" मी म्हटले, "काढू नको. पण कुणी टाकलेलो, ता सांग."

जयंतीच्या रात्री आधी शाहिरी झाली, मग भीमगीते, आणि साडेदहाच्या सुमारास पोरे उभी राहिली. त्याने ढोल सुरू केला, मध्येच बंद केला, आणि कसलाही ताल नसताना आपल्या पणजोबांचे नाव घेऊन चार ओळी म्हटल्या. म्हाताऱ्यांपैकी दोघे उठून गेले. बाकीचे बसले. मला ते गाणे आवडले असे मी अजूनही म्हणणार नाही. माझा कान वामनदादांवर घडला आहे आणि आता बदलायचा नाही. पण ते आमचे गाणे आहे, हे मी पुढच्या बैठकीच्या इतिवृत्तात लिहून घेतले.

आवड ही ज्याची त्याची. पण आपल्या विहारांतून गाण्यावरून दोन तट पडण्याआधी, दोन्ही पिढ्यांनी एकमेकांना निदान एवढे विचारावे : तू हे का ऐकतोस? आणि तू ते का टाकलेस?