कॅप्सूलचं कवच आणि हलालचा प्रश्न

ताथवड्यातल्या मेडिकलमधून आणलेली एखादी कॅप्सूल कोमट पाण्यात टाकून पाहा. थोड्याच वेळात कवच मऊ, चिकट होतं. ते बहुतेकदा जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडांपासून किंवा कातडीपासून बनवलेलं असतं. जनावर कोणतं, हे पाकिटावर सहसा लिहिलेलं नसतं. मुसलमान रुग्णाची अडचण इथूनच सुरू होते.

या प्रश्नाचं एक मोठं प्रकरण आपल्या पुण्याशीच जोडलेलं आहे. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटची गोवर-रुबेला लस इंडोनेशियात दिली जात होती. ऑगस्ट २०१८ मध्ये तिथल्या उलेमा परिषदेनं फतवा काढला: उत्पादनात डुकरापासूनचे घटक वापरल्यामुळे लस हराम, पण सध्या ती घ्यायला मुभा आहे. कारण गरज निकडीची आहे, हलाल पर्याय सापडलेला नाही आणि लस न घेण्याचा धोका जाणकारांनी सांगितला आहे. हलाल लस मिळाली की ही मुभा संपेल. लोकांनी मात्र ‘हराम’ एवढंच ऐकलं आणि अनेक भागांत लसीकरण रखडलं. पोरांच्या जिवाचा प्रश्न होता, म्हणून याचं फार वाईट वाटतं.

या मुभेमागचं तत्त्व ‘जरूरत’. जीव वाचवणं हा शरियतच्या मूळ हेतूंपैकी एक आहे. दुसरं तत्त्व ‘इस्तिहाला’: पदार्थाचं रूप पुरतं पालटलं की हुकूमही बदलतो, जसा दारूचा झालेला सिरका चालतो. जिलेटिनला हे लागू करावं का, यावर धर्मपंडितांत मतभेद आहेत.

वनस्पतिजन्य सेल्युलोजच्या कवचाच्या कॅप्सूलही मिळतात. मनात शंका असेल तर औषध परस्पर बंद करण्याआधी डॉक्टरांना तेवढं विचारावं.