शिकलेलं दुसरीकडे कसं वापरायचं? सातारा–सांगलीच्या कॉमर्स वर्गांसाठी काही विचार

आज आपण एका साध्या दिसणाऱ्या प्रश्नावर बोलणार आहोत. बी.कॉम., बीबीए, एमबीएच्या वर्गात मुलं जे शिकतात, ते वर्गाबाहेर त्यांना वापरता येतं का?

व्याज काढता येतं, ब्रेक-इव्हन काढता येतो, पेपरात मार्कही पडतात. पण घरी "हळद आत्ता विकायची की ठेवायची?" असा विषय निघाला, की तोच विद्यार्थी गप्प बसतो. गणित येत नाही असं नाही. हा वहीतलाच प्रश्न आहे, हे त्याला ओळखू येत नाही.

सांगलीचंच उदाहरण घेऊ. समजा, घरात दहा क्विंटल हळद आहे आणि आजचा दर क्विंटलला 14,000 रुपये आहे. चार महिने थांबायचं, तर अडकलेल्या 1,40,000 रुपयांवर वर्षाला 12 टक्क्यांनी 5,600 रुपये व्याज झालं. गोदामभाडं 1,000 धरा. एकूण 6,600. म्हणजे दर क्विंटलमागे 660 रुपयांहून जास्त वाढला, तरच थांबण्यात फायदा. वजनातली घट आणखी वेगळी. आकडे आपण सोयीसाठी धरलेत. मुद्दा एवढाच, की थांबण्यालाही किंमत असते.

आता साताऱ्याकडे या. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी. इथे थांबण्याचा खर्च नुसतं व्याज नाही, मालच नासतो. कराडच्या कापड दुकानात दिवाळीचा माल उरला, तर तो नासत नाही, पण फॅशन जाते. धंदे तीन, उत्तरं तीन, पण प्रश्न एकच: थांबलो तर काय जाईल आणि काय मिळेल? हळदीचं उत्तर स्ट्रॉबेरीला लावणारा बुडेल. हळदीचा प्रश्न स्ट्रॉबेरीला विचारणारा सावध होईल. एका ठिकाणचा विचार दुसरीकडे नेणं म्हणतात ते हेच.

हे आपोआप का होत नाही? यावर एक चांगला अभ्यास झालेला आहे. 1999 साली अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी मॅनेजमेंटच्या विद्यार्थ्यांना वाटाघाटीच्या दोन गोष्टी वाचायला दिल्या. दोन्हींत तोडगा एकच होता: पुढे काय होईल यावर दोन बाजूंचं एकमत नसेल, तर पैसे त्या निकालावर बांधून ठेवायचे. एका गटाने प्रत्येक गोष्टीवर वेगवेगळा विचार केला. दुसऱ्या गटाला सांगितलं, दोन्हींची तुलना करा. पुढे प्रत्यक्ष वाटाघाटीत हा तोडगा वापरणारे तुलना करणाऱ्या गटात जवळजवळ तिप्पट निघाले. वाचन तेच होतं. फरक पडला तो शेजारी ठेवून बघण्याने.

गंमत अशी, की हा तोडगा आपल्या मुलांना घरीच माहीत आहे. उसाचं बिल बघा. पहिली उचल आधी मिळते. साखर आणि उपपदार्थांच्या उत्पन्नाचा हिशेब झाला, की अंतिम दर ठरतो आणि फरकाची रक्कम मिळते. निदान मिळायला हवी. त्यासाठीच तर आंदोलनं होतात. पण हळदीचा शेतकरी म्हणतो दर वाढेल, व्यापारी म्हणतो पडेल, असा पेच वर्गात दिला, तर बहुतेक मुलं मधला आकडा काढून मोकळी होतात. आत्ता काही रक्कम, पुढे दर वाढला तर वाढीव वाटा, हे सुचत नाही. उसाचा अनुभव उसाच्या कप्प्यातच राहतो.

म्हणून नुसता अनुभव पुरत नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज सुरू झालं, आणि 'कमवा आणि शिका' ही आपल्या भागाची ओळख झाली. त्या परंपरेत काम आणि शिक्षण एकमेकांजवळ आहेत, ही आपली मोठी जमेची बाजू. पण कामावरून आल्यावर "यातून काय कळलं आणि ते आणखी कुठे लागू पडेल?" हे कुणीतरी विचारावं लागतं.

मग शिक्षकांनी काय करायचं? तीन गोष्टी. एक, कुठलीही संकल्पना एका उदाहरणावर संपवू नका. दोन वेगळ्या धंद्यांची उदाहरणं एकाच तासाला शेजारी ठेवा. दोन, मुलांना लिहायला लावा: यांत सारखं काय, वेगळं काय? वेगळं काय हे विसरू नका, नाहीतर स्ट्रॉबेरी गोदामात जाईल. तीन, पंधरा दिवसांनी तिसरं, अनोळखी उदाहरण द्या, आणि कुठला धडा वापरायचा ते सांगू नका. परीक्षेतही असा एक प्रश्न हवाच. कारण जे विचारलं जात नाही, ते मुलं शिकत नाहीत.

यातली बरीच मुलं पुढे बँकेत, पतसंस्थेत, दुकानात, शेतीत जाणार. कर्ज काढायचं का, माल धरून ठेवायचा का, हे निर्णय ती घेणार आणि त्यांची झळ सगळ्या घराला लागणार. त्या वेळी प्रश्नावर धड्याचं नाव लिहिलेलं नसतं. ते ओळखायची सवय आपण वर्गातच लावायला हवी.

इथे थांबू या. आता तुमचे प्रश्न घेऊ.