महाविद्यालयीन ‘रनिंग बॅक’च्या व्यावसायिक भवितव्याचे मूल्यमापन : निकष, मर्यादा आणि विद्यार्थ्याचा निर्णय

प्रस्तावना

अमेरिकेत ‘फुटबॉल’ या नावाने ओळखला जाणारा खेळ आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून सर्वस्वी भिन्न आहे. त्यात लंबगोल चेंडू प्रामुख्याने हातांनी खेळला जातो आणि चार प्रयत्नांत किमान दहा यार्ड पुढे सरकणे हे चेंडू ताब्यात असलेल्या संघाचे प्राथमिक काम असते. डाव चालवणाऱ्या क्वार्टरबॅककडून चेंडू घेऊन प्रतिस्पर्ध्यांच्या फळीतून वाट काढत धावणाऱ्या खेळाडूस ‘रनिंग बॅक’ म्हणतात. या खेळाचे एक वैशिष्ट्य शिक्षणक्षेत्रातील व्यक्तींनी विशेष ध्यानात घेण्याजोगे आहे. राष्ट्रीय फुटबॉल लीगमधील, म्हणजेच एनएफएलमधील, ३२ व्यावसायिक संघ स्वतःच्या प्रशिक्षणशाळा चालवत नाहीत. त्यांचे खेळाडू विद्यापीठांत घडतात आणि दरवर्षी होणाऱ्या ‘ड्राफ्ट’ या सात फेऱ्यांच्या निवडप्रक्रियेतून संघांकडे जातात. या प्रक्रियेत साधारणतः अडीचशेच्या आसपास खेळाडू निवडले जातात. पात्र महाविद्यालयीन खेळाडूंच्या तुलनेत हे प्रमाण दीड टक्क्याच्या जवळपास आहे.

शालेय शिक्षण संपून तीन वर्षे झाल्याखेरीज कोणासही ड्राफ्टमध्ये प्रवेश मिळत नाही. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या मॉरिस क्लॅरेट याने या नियमास २००३ मध्ये न्यायालयात आव्हान दिले. कनिष्ठ न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. परंतु अपील न्यायालयाने तो फिरवला आणि नियम कायम राहिला. त्यामुळे विद्यापीठातील तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस, वयाच्या विसाव्या-एकविसाव्या वर्षी, गुणवान विद्यार्थ्यापुढे एक प्रश्न उभा राहतो : शिक्षण पूर्ण करावे की व्यवसायात पाऊल टाकावे? या प्रश्नाचे उत्तर ज्या मूल्यमापनावर अवलंबून असते, त्याचे स्वरूप प्रस्तुत लेखात तपासण्याचा प्रयत्न केला आहे.

लेखाची उद्दिष्टे

१) रनिंग बॅकच्या मूल्यमापनाचे प्रमुख निकष स्पष्ट करणे.
२) या निकषांच्या मर्यादा प्रत्यक्ष उदाहरणांच्या आधारे पाहणे.
३) संघाचा निर्णय आणि विद्यार्थ्याचा निर्णय यांतील भेद विशद करणे.

१. मैदानावरील आकडेवारी : श्रेय कोणाचे?

रनिंग बॅकची प्राथमिक ओळख त्याने धावून मिळवलेल्या यार्डांनी होते. परंतु हा आकडा एकट्याच्या कर्तृत्वाचा नसतो. त्याच्यापुढे पाच लाइनमनची आघाडीची फळी उभी असते आणि वाट मोकळी करून देण्याचे काम तीच करते. पहिला धक्का बसण्यापूर्वी मिळालेले यार्ड बहुतांशी या फळीचे असतात. धक्का बसल्यानंतर, पकड सोडवून मिळवलेले यार्ड हे धावणाऱ्याचे स्वतःचे मानावे लागतात. म्हणून अनुभवी निरीक्षक एकूण बेरजेपेक्षा धक्क्यानंतरचे यार्ड आणि निसटलेल्या पकडींची संख्या यांस अधिक महत्त्व देतात.

अलाबामा विद्यापीठाचा ट्रेंट रिचर्डसन हे यासंदर्भातील बोलके उदाहरण आहे. २०११ च्या हंगामात त्याने १,६७९ यार्ड मिळवले आणि २०१२ च्या ड्राफ्टमध्ये क्लीव्हलँडच्या संघाने त्यास तिसऱ्या क्रमांकावर निवडले. अलाबामाची आघाडीची फळी त्या काळी देशातील अत्यंत बलाढ्य फळ्यांपैकी एक होती. व्यावसायिक मैदानावर फटी अरुंद झाल्या आणि त्या क्षणार्धात मिटू लागल्या. तेथे रिचर्डसनची सरासरी प्रत्येक धावेमागे ३.३ यार्डांच्या आसपास राहिली. निवडीनंतर अवघ्या दीड वर्षात क्लीव्हलँडने त्याला दुसऱ्या संघाच्या स्वाधीन केले.

बेरजांची तुलना करतानाही सावधगिरी आवश्यक असते. ओक्लाहोमा स्टेटच्या बॅरी सँडर्सचा १९८८ मधील २,६२८ यार्डांचा विक्रम ११ सामन्यांतील आहे; बॉइझी स्टेटच्या ॲश्टन जेंटीचे २०२४ मधील २,६०१ यार्ड १४ सामन्यांतील आहेत. वरवर पाहता दोन्ही आकडे जवळपास सारखे भासतात. मात्र प्रतिसामना सरासरी काढल्यास पहिला आकडा सुमारे २३९, तर दुसरा सुमारे १८६ येतो. प्रतिस्पर्धी संघांचा दर्जा हा आणखी एक घटक आहे व तो कोणत्याही बेरजेत दिसून येत नाही.

२. शारीरिक चाचण्या : वेग आणि वजन

ड्राफ्टपूर्वी तीनशेहून अधिक निमंत्रित खेळाडूंची ‘कम्बाइन’ नावाची सामायिक चाचणी होते. १९८७ पासून ती इंडियानापोलिस येथे भरत आली आहे. चाळीस यार्डांची, म्हणजे सुमारे ३६.६ मीटरची धाव, उभी उडी, लांब उडी, दिशा बदलण्याच्या कवायती आणि २२५ पौंडांचे वजन उचलणे या तिच्या मुख्य कसोट्या होत. प्रेक्षकांचे लक्ष धावेवर खिळलेले असते. संघांच्या दृष्टीने मात्र वैद्यकीय तपासणी कमी मोलाची नसते.

धावेच्या वेळेचा अर्थ वजनाशिवाय लागत नाही. हलक्या शरीराचा वेग आणि भारी शरीराचा तोच वेग यांचा मैदानावरील परिणाम वेगळा असतो. बिल बार्नवेल या विश्लेषकाने ‘स्पीड स्कोअर’ नावाचे सूत्र मांडले, ते याच विचारातून. वजन पौंडांत घेऊन त्यास २०० ने गुणावे आणि धावेच्या वेळेच्या चौथ्या घाताने भागावे, असे हे सूत्र आहे. ४.५० सेकंदांत धावणाऱ्या १९० पौंडांच्या खेळाडूचा गुणांक सुमारे ९३ येतो. त्याच वेळेत धावणाऱ्या २२५ पौंडांच्या खेळाडूचा गुणांक सुमारे ११० येतो. साधारण पातळी १०० च्या आसपास मानली जाते. ईस्ट कॅरोलायनाच्या क्रिस जॉन्सनने २००८ मध्ये १९७ पौंड वजन असताना ४.२४ सेकंद नोंदवले. त्याचा गुणांक सुमारे १२२ येतो. पुढच्याच वर्षी, २००९ च्या हंगामात, त्याने २,००६ यार्डांची मजल मारली.

तथापि चाचणीने न दिसणारे गुणही निर्णायक ठरतात. फट उघडण्यापूर्वी तिचा अंदाज घेणे, क्षणभर थांबून मग मुसंडी मारणे, चेंडू हातातून निसटू न देणे, हे गुण घड्याळ मोजत नाही. यार्डांचा सर्वकालीन विक्रम (१८,३५५) ज्याच्या नावावर आहे, तो एमिट स्मिथ १९९० च्या ड्राफ्टमध्ये सतराव्या क्रमांकावर गेला. त्याची ख्याती दृष्टी, तोल आणि सातत्य यांसाठी होती. विक्रमी वेगासाठी नव्हती.

३. चेंडू हाती नसतानाचे काम

आधुनिक व्यावसायिक खेळ मुख्यतः चेंडू फेकण्यावर आधारलेला आहे. त्यामुळे रनिंग बॅककडून आणखी दोन कौशल्यांची अपेक्षा असते : फेकलेला चेंडू झेलणे आणि क्वार्टरबॅकवर चाल करून येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यास अडवणे. दुसरे काम बौद्धिक स्वरूपाचेही आहे, कारण कोण कोठून येईल हे चेंडू सुटण्यापूर्वी ओळखावे लागते. जो हे करू शकत नाही तो कितीही वेगवान असला तरी महत्त्वाच्या क्षणी त्याला बाहेर बसवले जाते. स्टॅनफर्डच्या क्रिस्चन मॅकॅफ्रीने २०१९ मध्ये धावून १,३८७ आणि झेलून १,००५ यार्ड मिळवले. त्याचे मोल या दुहेरी उपयुक्ततेत आहे. याउलट विस्कॉन्सिनचा रॉन डेन १९९९ चा हाइझमन करंडक आणि विक्रमी यार्ड घेऊन आला, २००० मध्ये अकराव्या क्रमांकावर निवडला गेला. पण व्यावसायिक खेळाच्या एकाही हंगामात तो १,००० यार्डांपर्यंत पोहोचला नाही.

४. देह आणि काळ

रनिंग बॅकला जवळजवळ प्रत्येक धावेअखेरीस आदळावे लागते. त्यामुळे त्याचे व्यावसायिक आयुष्य तुलनेने अल्प असते आणि पंचविशीच्या उत्तरार्धात त्याची उतरण सुरू होते, असा सर्वसाधारण अनुभव आहे. मूल्यमापनात म्हणूनच ‘आजवर किती धावला’ हा प्रश्न दोन विरुद्ध अर्थांनी विचारला जातो. अधिक धावा म्हणजे अधिक पुरावा. पण अधिक धावा म्हणजे अधिक झीजही. अर्थात यातून ठाम नियम काढता येत नाही. २०१५ मध्ये अलाबामाकडून ३९५ वेळा चेंडू वाहिलेल्या डेरिक हेन्रीने २०२० मध्ये २,०२७ यार्ड मिळवले.

दुखापतीचे भाकीत तर याहून कठीण आहे. सॅन फ्रान्सिस्कोच्या एकाच संघाने घेतलेले दोन निर्णय या दृष्टीने पाहण्यासारखे आहेत. मायामी विद्यापीठातील फ्रँक गोरच्या दोन्ही गुडघ्यांचे लिगामेंट फाटले होते. २००५ मध्ये संघाने त्यास तिसऱ्या फेरीत घेतले. तो एकूण १६ हंगाम खेळला आणि १६,००० यार्डांवर पोहोचला. साउथ कॅरोलायनाच्या मार्कस लॅटिमोरला २०११ व २०१२ मध्ये गुडघ्याच्या गंभीर दुखापती झाल्या. २०१३ मध्ये त्याच संघाने त्याला चौथ्या फेरीत निवडले. मात्र एकही सामना न खेळता २०१४ मध्ये त्याला निवृत्त व्हावे लागले. दोन्ही वेळी तपासणी झाली होती आणि धोका ज्ञात होता. निष्पत्ती मात्र दोन टोकांची झाली.

१९९५ चा ड्राफ्टही असाच उद्बोधक आहे. पेन स्टेटचा कि-जाना कार्टर त्यात सर्वप्रथम निवडला गेला. हंगामपूर्व सामन्यातच त्याचा गुडघा दुखावला आणि त्याची कारकीर्द कधी बहरली नाही. जॉर्जियाचा टेरेल डेव्हिस त्याच ड्राफ्टमध्ये सहाव्या फेरीत, १९६ व्या क्रमांकावर गेला. १९९८ मध्ये त्याने २,००८ यार्ड मिळवले आणि २०१७ मध्ये त्यास ‘हॉल ऑफ फेम’चा सन्मान लाभला. परंतु त्याचेही गुडघे टिकले नाहीत. २००१ हा त्याचा अखेरचा हंगाम ठरला.

५. बाजारपेठेचे गणित

गुणवत्ता आणि किंमत या भिन्न गोष्टी आहेत. २०१३ मध्ये पहिल्या फेरीत एकही रनिंग बॅक निवडला गेला नाही. १९६३ नंतर असे प्रथमच घडले. २०१४, २०२२ आणि २०२४ मध्ये त्याची पुनरावृत्ती झाली. २०२३ आणि २०२५ मध्ये मात्र पहिल्या फेरीत प्रत्येकी दोघांची निवड झाली. या चढउतारामागे संघांचा हिशेब आहे. २०२२ मध्ये कॅन्सस सिटीने सातव्या फेरीत घेतलेला आयझाया पचेको पहिल्याच हंगामात विजेत्या संघाचा प्रमुख धावक बनला. असे खेळाडू अल्प दरात मिळत असतील तर मौल्यवान पहिली निवड या स्थानासाठी का खर्चावी, असा विचार संघ करतात.

२०११ च्या सामूहिक करारानुसार नवोदितांचे वेतन निवडीच्या क्रमांकावर ठरते आणि करार चार वर्षांचा असतो. पहिल्या फेरीतील खेळाडूबाबत तो पाचव्या वर्षापर्यंत वाढवण्याचा अधिकार संघाकडे असतो. म्हणजे खेळाडू मोकळ्या वाटाघाटीसाठी पात्र होतो तेव्हा त्याचे सर्वोत्तम दिवस सरत आलेले असतात. टॉड गर्ली २०१५ मध्ये दहाव्या क्रमांकावर आला, २०१७ मध्ये आक्रमणातील सर्वोत्तम खेळाडू ठरला, २०१८ मध्ये त्यास मोठा करार मिळाला, २०२० मध्ये त्याच संघाने त्यास मुक्त केले आणि त्या हंगामानंतर तो पुन्हा खेळला नाही. तेव्हा त्याचे वय २६ होते.

६. संघाचा प्रश्न आणि विद्यार्थ्याचा प्रश्न

वरील सर्व निकष संघांच्या सोयीसाठी विकसित झाले आहेत. संघ दरवर्षी अनेक खेळाडू निवडतो. त्यांपैकी काही अपयशी ठरणार हे त्याने गृहीत धरलेले असते. एका निवडीतील तोटा दुसरीतील लाभाने भरून निघतो. विद्यार्थ्याजवळ मात्र एकच देह आणि एकच कारकीर्द असते. सरासरीचे ज्ञान संघास तारते. व्यक्तीस सरासरीचा आधार अपुरा पडतो. त्यामुळे एकाच मूल्यमापनावरून संघाने काढलेला निष्कर्ष आणि विद्यार्थ्याने काढावयाचा निष्कर्ष एकच असेल असे मानता येत नाही.

तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी लीगच्या सल्लागार समितीकडे आपल्या संभाव्य स्थानाविषयी अभिप्राय मागू शकतो. वरच्या फेरीची शक्यता नसल्यास शिक्षण पुढे चालू ठेवावे, असा तिचा सल्ला असतो. रनिंग बॅकच्या बाबतीत हा सल्ला सरळसोट लागू होत नाही, कारण आणखी एक वर्ष म्हणजे देहाची आणखी एका वर्षाची झीज. ही जाणीव खेळाडूंनाही झालेली दिसते. २०१६ च्या अखेरीस मॅकॅफ्री आणि लुइझियाना स्टेटचा लेनर्ड फोर्नेट यांनी आपल्या विद्यापीठाचा अखेरचा सामना न खेळण्याचा निर्णय घेतला. त्यावर टीका झाली. पण पुढच्या ड्राफ्टमध्ये दोघेही पहिल्या आठांत निवडले गेले. दुसऱ्या बाजूस, १ जुलै २०२१ पासून विद्यार्थी-खेळाडूंना स्वतःच्या नावाच्या व प्रतिमेच्या वापरातून उत्पन्न मिळवता येऊ लागले आणि जुलै २०२५ पासून विद्यापीठे त्यांना थेट मोबदला देऊ शकतात. विद्यापीठात राहणे म्हणजे विनामोबदला राबणे, हे समीकरण त्यामुळे बदलले आहे.

पदवीचे मोलही या हिशेबात धरले पाहिजे. एमिट स्मिथ तिसऱ्या वर्षानंतर फ्लोरिडा विद्यापीठातून बाहेर पडला. व्यावसायिक यशाच्या ऐन भरात असताना त्याने अभ्यासक्रम पूर्ण करून १९९६ मध्ये पदवी घेतली. ड्राफ्टच्या इतिहासात सर्वांत प्रथम निवडला गेलेला खेळाडू म्हणजे शिकागो विद्यापीठाचा जे बरवँगर. १९३६ मध्ये निवड होऊनही तो व्यावसायिक फुटबॉल खेळला नाही. त्याने उद्योगक्षेत्र पत्करले. आजच्या वेतनमानात असा निर्णय दुर्मीळच. परंतु निवड होणे आणि ती स्वीकारणे या दोन स्वतंत्र कृती आहेत, हे त्यावरून ध्यानात येते.

निष्कर्ष

१) धावून मिळवलेल्या यार्डांची बेरीज हा आरंभबिंदू आहे. फळीचे श्रेय वजा केल्यावर जे उरते ते खेळाडूचे खरे बळ होय.
२) वेग वजनासह वाचावा, दृष्टी, संरक्षण आणि झेल यांचे निरीक्षण स्वतंत्रपणे करावे.
३) दुखापतीचा धोका ओळखता येतो, एखाद्या विशिष्ट खेळाडूच्या बाबतीत त्याची परिणती सांगता येत नाही.
४) निवडीचा क्रमांक हा गुणवत्तेइतकाच बाजारपेठेचा निर्देशक असतो.
५) विद्यार्थ्यास सल्ला देणाऱ्या प्राध्यापकाने व प्रशिक्षकाने ‘हा किती वरच्या क्रमांकावर जाईल?’ या प्रश्नाबरोबरच ‘गुडघा उद्याच निकामी झाला तर याच्या हाती काय उरेल?’ हाही प्रश्न विचारला पाहिजे. पहिल्याचे उत्तर शोधणारे संघ ३२ आहेत. दुसऱ्याचे उत्तर शोधण्याची जबाबदारी विद्यापीठावर येते.