सहावा नंबर : अटलांटाच्या उपनगरांची राजकीय गोष्ट

अमेरिकेतलं इलेक्शन म्हटलं की आपल्याला फक्त प्रेसिडेंट दिसतो. दर चार वर्षांनी पेपरात लाल-निळा नकाशा येतो, टीव्ही रूममध्ये दोन दिवस जोरदार चर्चा होते आणि मग सगळे परत सबमिशनच्या मागे लागतात. पण तिथे आपल्या लोकसभेसारखंच एक सभागृह आहे, हाऊस ऑफ रिप्रेझेंटेटिव्हज. जागा ४३५ आणि मुदत फक्त दोन वर्षं. म्हणजे निवडून आलेला माणूस खुर्चीत नीट बसेपर्यंत पुढचा प्रचार सुरू! या ४३५ पैकी एकाच जागेची गोष्ट इथे सांगायची आहे. जॉर्जिया राज्याचा सहावा मतदारसंघ, अटलांटा शहराच्या उपनगरांचा.

आता तुम्ही म्हणाल, एवढ्या लांबच्या सीटशी आपलं काय देणंघेणं? पण या एका जागेच्या इतिहासात एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आणि तो प्रश्न कुठल्याही लोकशाहीला लागू आहे. मतदार आपला प्रतिनिधी निवडतात, की प्रतिनिधी आपले मतदार निवडतात?

आधी नियम समजून घेऊ

अमेरिकेत दर दहा वर्षांनी जनगणना होते. तिच्यानुसार कुठल्या राज्याला किती जागा ते ठरतं. जॉर्जियाला १९८० च्या दशकात १० जागा होत्या, १९९२ पासून ११, २००२ पासून १३ आणि २०१२ पासून १४. राज्याच्या आत मतदारसंघांच्या सीमा कोण आखतं? बहुतेक राज्यांत तिथलं विधिमंडळच. म्हणजे ज्या पक्षाचं विधिमंडळात बहुमत, त्याच्या हातात पेन्सिल आणि खोडरबर दोन्ही!

पूर्वी तर लोकसंख्या सारखी ठेवायचंही बंधन नव्हतं. १९६० च्या जनगणनेप्रमाणे अटलांटा ज्यात येतं त्या पाचव्या मतदारसंघात ८,२३,६८० लोक होते आणि त्याच राज्याच्या नवव्यात फक्त २,७२,१५४. म्हणजे अटलांटाच्या माणसाच्या मताची किंमत खेड्यातल्या माणसाच्या मताच्या एक तृतीयांश. यावर खटला झाला आणि १९६४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने निकाल दिला की मतदारसंघांची लोकसंख्या शक्य तितकी सारखीच हवी. 'वेसबेरी विरुद्ध सँडर्स' हा तो गाजलेला खटला. आज जॉर्जियाच्या प्रत्येक मतदारसंघात साधारण ७ लाख ६५ हजार लोक असतात.

यात एक गंमत आहे. मोजताना सगळे मोजले जातात, नुसते मतदार नाहीत. आपल्याकडून व्हिसावर अटलांटाला गेलेला सॉफ्टवेअर इंजिनियर मतदारसंघाच्या लोकसंख्येत धरला जातो, पण त्याला मत देता येत नाही. त्याच्या जिवावर सीट उभी राहते, सीटवर कोण बसणार ते मात्र शेजारी ठरवतो.

पोहे की उपमा?

लोकसंख्या सारखी ठेवूनसुद्धा चलाखी करता येते. समजा हॉस्टेलमध्ये ५० पोरं आहेत. ३० जणांना नाश्त्याला पोहे हवेत, २० जणांना उपमा. मेस कमिटीवर पाच जण निवडायचे आहेत, दहा-दहाच्या पाच गटांतून. तीन गट पोहेवाल्यांचे आणि दोन उपमावाल्यांचे केले, तर निकाल ३-२. अगदी रास्त.

आता रेक्टरसाहेबांना पोहेच आवडतात असं धरा. त्यांनी प्रत्येक गटात ६ पोहेवाले आणि ४ उपमावाले टाकले. निकाल ५-०! उपमा हद्दपार.

आणि रेक्टर उपमावाले निघाले तर? दोन गटांत ९-९ पोहेवाले कोंबायचे, सोबत एकेक उपमावाला. उरले १२ पोहेवाले आणि १८ उपमावाले. ते तीन गटांत ४-६ असे वाटले की उपमा ३-२ ने जिंकला. एकाही पोराने आपलं मत बदललं नाही, तरी तीन वेगवेगळे निकाल लागले.

विरोधकांना थोडं थोडं सगळीकडे पसरवणं किंवा त्यांना एकाच जागी कोंबणं, एवढ्या दोनच युक्त्या आहेत. या प्रकाराला जेरीमँडरिंग म्हणतात. १८१२ मध्ये मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एलब्रिज जेरी यांच्या सहीने असा एक वेडावाकडा मतदारसंघ झाला. तो सॅलमँडर नावाच्या सरड्यासारख्या प्राण्यासारखा दिसतो असं म्हणून एका वर्तमानपत्राने त्याचं व्यंगचित्र छापलं, आणि जेरीसाहेबांचं नाव त्या प्राण्याला कायमचं चिकटलं.

प्रोफेसर गिंग्रिच

आता सहाव्या नंबरकडे वळू. १९७० च्या दशकात हा मतदारसंघ अटलांटाच्या दक्षिणेला आणि पश्चिमेला होता, विमानतळाच्या बाजूच्या वस्त्यांपासून पार अलाबामाच्या हद्दीकडे पसरलेला. खासदार होते जॉन फ्लिंट, जुन्या वळणाचे डेमोक्रॅट. त्यांच्याविरुद्ध कॅरल्टनच्या कॉलेजात इतिहास शिकवणारे एक तरुण प्राध्यापक उभे राहिले, न्यूट गिंग्रिच. १९७४ मध्ये हरले, १९७६ मध्ये पुन्हा हरले. १९७८ मध्ये फ्लिंट निवृत्त झाले आणि तिसऱ्या अटेम्प्टला प्राध्यापकसाहेब पास झाले.

त्या काळी जॉर्जियात रिपब्लिकन असणं म्हणजे एकांड्या शिलेदाराचं काम. १९९० च्या निवडणुकीनंतर राज्याच्या १० खासदारांपैकी ९ डेमोक्रॅट होते आणि एकटे गिंग्रिच रिपब्लिकन. तेही फक्त ९७४ मतांनी वाचलेले. राज्याच्या विधिमंडळात टॉम मर्फी नावाचे डेमोक्रॅट स्पीकर होते. १९७३ पासून त्यांचा तिथे दबदबा आणि गिंग्रिच त्यांना अजिबात आवडत नसत. १९९० च्या जनगणनेनंतर पेन्सिल यांच्याच बाजूच्या हातात आली. त्यांनी गिंग्रिच यांच्या मतदारसंघाचे सरळ तुकडे केले आणि 'सहावा' हा नंबर उचलून अटलांटाच्या उत्तरेला नेऊन ठेवला, कॉब आणि उत्तर फुल्टनच्या नव्या श्रीमंत उपनगरांत.

गिंग्रिच यांनी काय केलं? बिऱ्हाड उचललं आणि नंबराच्या मागोमाग उत्तरेला गेले. १९९२ मध्ये पक्षांतर्गत निवडणूक ९८० मतांनी कशीबशी जिंकले, पण त्यानंतर त्यांना घरची काळजी उरली नाही. कारण हा नवा सहावा म्हणजे रिपब्लिकनांचा किल्ला होता. दोनच वर्षांनी, १९९४ मध्ये, गिंग्रिच यांनी देशभर प्रचार करून हाऊसमध्ये ४० वर्षांनी रिपब्लिकन बहुमत आणलं आणि जानेवारी १९९५ मध्ये ते तिथले स्पीकर झाले. जॉर्जियातही ११ पैकी ७ खासदार रिपब्लिकन झाले. ज्याला संपवायला नकाशा काढला, त्यालाच नकाशाने देशाच्या राजकारणात तिसऱ्या मानाच्या खुर्चीवर बसवलं! मर्फी स्वतः २००२ मध्ये आपल्या घरच्या सीटवर हरले. उपनगरं पसरत पसरत त्यांच्याही दारापर्यंत पोचली होती.

ही उपनगरं आली कुठून?

मर्फी यांच्या मंडळींनी जी वस्ती 'देऊन टाकली' ती तिथे आपोआप उगवलेली नव्हती. १९६१ मध्ये अटलांटाच्या सरकारी शाळांत काळ्या मुलांना गोऱ्यांबरोबर प्रवेश मिळायला सुरुवात झाली. पुढची वीस वर्षं गोरी कुटुंबं शहर सोडून बाहेर जात राहिली. १९७० पर्यंत शहरात काळ्या लोकांचं बहुमत झालं आणि १९७३ मध्ये मेनार्ड जॅक्सन शहराचे पहिले काळे महापौर निवडून आले. शहराभोवतीचा २८५ नंबरचा रिंगरोड १९६९ मध्ये पूर्ण झाला, तो साधारण १०० किलोमीटरचा. रिंगरोडच्या आत शहर, बाहेर सबर्ब, अशी सरळ विभागणीच झाली.

रस्ता हवा होता, पण रेल्वे नको. शहराच्या सार्वजनिक वाहतुकीच्या 'मार्टा' योजनेत जायला कॉब काउंटीच्या मतदारांनी १९६५ मध्ये नकार दिला. १९७१ मध्ये ग्विनेट आणि क्लेटन काउंटींनीही नाहीच म्हटलं. शहरातली माणसं आपल्याकडे यायला नकोत ही भावना त्यामागे होती, हे आता उघडपणे मान्य केलं जातं. सिव्हिलवाल्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. रेल्वेची लाइन कुठे थांबते ते नेहमी सर्व्हेवरच ठरतं असं नाही.

किल्ल्याला तडे

१९९८ च्या निवडणुकीत पक्षाच्या जागा घटल्या, तेव्हा गिंग्रिच यांनी पद सोडलं. पोटनिवडणुकीत जॉनी आयझॅक्सन आले, ते पुढे सिनेटवर गेले. २००४ मध्ये हाडांचे सर्जन डॉ. टॉम प्राइस निवडून आले. २०१६ मध्येसुद्धा प्राइस सुमारे ६२ टक्के मतं घेऊन जिंकले. किल्ला शाबूत आहे असंच सगळ्यांना वाटत होतं.

पण आत माणसं बदलली होती. उत्तरेकडच्या टेक कंपन्यांत काम करायला देशभरातून आणि जगभरातून लोक आले. सहावा हा देशातल्या सर्वांत जास्त पदवीधर असलेल्या मतदारसंघांपैकी एक झाला. जॉन्स क्रीक गावात २०१० च्या जनगणनेत चारातला जवळजवळ एक जण आशियाई वंशाचा होता, त्यात आपले भारतीय भरपूर. शहरातली सुशिक्षित काळी कुटुंबंही आता इकडे घरं घेऊ लागली होती. जे टाळायला आधीची पिढी इथे आली, तेच शहर पन्नास वर्षांत मागोमाग चालत आलं.

आकडे बघा. २०१२ मध्ये मिट रॉमनी इथे २३ टक्क्यांच्या फरकाने पुढे होते. २०१६ मध्ये ट्रम्प जेमतेम दीड टक्क्याने. २०१७ च्या सुरुवातीला प्राइस ट्रम्प यांच्या मंत्रिमंडळात गेले आणि पोटनिवडणूक लागली. डेमोक्रॅटांकडून ३० वर्षांचे जॉन ओसॉफ उभे राहिले. १८ उमेदवारांत त्यांना ४८.१ टक्के मतं पडली. पण जॉर्जियात ५० टक्के ओलांडावेच लागतात, नाहीतर पहिल्या दोघांत पुन्हा लढत. २० जून २०१७ च्या त्या दुसऱ्या फेरीत कॅरन हँडेल यांनी त्यांना ५१.८ विरुद्ध ४८.२ ने हरवलं. दोन्ही बाजूंचा मिळून खर्च पाच कोटी डॉलरच्या वर गेला. तोपर्यंत हाऊसच्या एका सीटवर एवढा पैसा कधीच ओतला गेला नव्हता.

पुढच्याच वर्षी ल्यूसी मॅकबाथ उभ्या राहिल्या. बाई पूर्वी विमान कंपनीत हवाई सेविका होत्या. २०१२ मध्ये त्यांच्या १७ वर्षांच्या मुलाला फ्लोरिडातल्या एका पेट्रोल पंपावर गोळी घालण्यात आली. भांडणाचं कारण काय, तर गाडीतलं मोठ्या आवाजातलं गाणं. बंदुकांवर नियंत्रण हाच बाईंचा मुद्दा होता. २०१८ मध्ये हँडेल यांना त्यांनी सुमारे एक टक्क्याने हरवलं आणि गिंग्रिच जिंकल्यापासून बरोबर ४० वर्षांनी सहावी सीट डेमोक्रॅटांकडे आली. २०२० मध्ये त्यांचा फरक ९ टक्क्यांवर गेला.

पुन्हा पेन्सिल

आता विधिमंडळ रिपब्लिकनांचं होतं. १९९२ मध्ये जे डेमोक्रॅटांनी केलं, तेच २०२१ मध्ये यांनी केलं. सहाव्याला उत्तरेकडचा ग्रामीण भाग जोडला आणि सीट पुन्हा पक्की रिपब्लिकन करून टाकली. मॅकबाथ यांनीही गिंग्रिच यांच्यासारखंच केलं आणि २०२२ मध्ये शेजारच्या सातव्यातून लढल्या. त्यासाठी त्यांना स्वतःच्याच पक्षाच्या खासदार कॅरोलिन बोर्डो यांना हरवावं लागलं. सहाव्यातून रिच मॅककॉर्मिक आले.

पक्षाच्या फायद्यासाठी नकाशा काढला तर त्यात आम्ही पडणार नाही, असं अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१९ मध्येच सांगून टाकलं होतं. मात्र वंशाच्या मुद्द्यावर १९६५ च्या मताधिकार कायद्याखाली दाद मागता येत होती. ऑक्टोबर २०२३ मध्ये न्यायाधीश स्टीव्ह जोन्स यांनी आदेश दिला की अटलांटाच्या पश्चिमेला काळ्या मतदारांचं बहुमत असलेला आणखी एक मतदारसंघ हवा. विधिमंडळाने तो दिला, त्याला नंबर दिला सहावा, आणि त्याच झटक्यात मॅकबाथ यांचा सातवा मोडून रिपब्लिकनांना सोयीचा केला! २०२४ मध्ये बाई परत सहाव्यातून जिंकल्या, मॅककॉर्मिक सातव्यातून. राज्याचा हिशेब आधी ९-५ होता, नंतरही ९-५.

म्हणजे १९९२ मध्ये दक्षिण-पश्चिमेकडून उत्तरेला गेलेला सहावा नंबर ३२ वर्षांनी परत शहराच्या पश्चिमेला आला.

मग यातून घ्यायचं काय?

एक म्हणजे, रेषा आखणाऱ्यांचा हिशेब दहा-वीस वर्षांनी फसतो. ते आजच्या माणसांची मतं धरून नकाशा काढतात, पण माणसं घरं बदलतात, मुलं मोठी होतात, नवे शेजारी येतात.

पण म्हणून 'शेवटी सगळं ठीक होतं' असं म्हणून सोडून देता येत नाही. हिशेब फसेपर्यंतच्या निवडणुका तर होऊन गेलेल्या असतात. उत्तरेकडच्या एखाद्या उपनगरातल्या माणसाने घर न बदलता २०१६ ते २०२४ मध्ये प्राइस, हँडेल, मॅकबाथ, मॅककॉर्मिक असे खासदार पाहिले. त्यातले काही त्याच्या मताने बदलले, काही फक्त पेन्सिलने. आपलं मत नक्की कधी उपयोगी पडलं, हे त्याने कसं ओळखायचं?

आपल्याकडे सीमा आमदार-खासदार आखत नाहीत. त्यासाठी डिलिमिटेशन कमिशन असतं, अध्यक्षपदी सुप्रीम कोर्टाचे आजी किंवा माजी न्यायाधीश. २००८ मध्ये खेड लोकसभा मतदारसंघ जाऊन शिरूर आणि मावळ आले, ते याच पद्धतीने. अॅरिझोनासारख्या काही अमेरिकन राज्यांनीही हे काम स्वतंत्र कमिशनकडे दिलं आहे. ही पद्धतही निर्दोष नाही, पण ज्याला परीक्षा द्यायची आहे त्यानेच पेपर काढू नये, एवढं तरी तिच्यात पाळलं जातं. परीक्षेच्या बाबतीत हा नियम आपल्याला कितीही जाचक वाटला, तरी निवडणुकीच्या बाबतीत तो असलेलाच बरा!