जुनी फटफटी, नवी फटफटी आणि पेट्रोलचा हिशेब

आमच्या शेजारच्या एका शेतकरी गृहस्थांनीं नुकताच मनोदय बोलून दाखविला, कीं कार्बुरेटरची जुनी फटफटी मिळेल त्या भावानें विकून कर्जानें नवी इंजेक्टरची घ्यावी. कारण ती पेट्रोल कमी खाते. महसुली दफ्तरांत ज्याचा जन्म गेला त्यास ऐकीव गोष्टीवर सही करवत नाहीं. मीं म्हटलें, "आप्पा, अगोदर हिशेब मांडूं, मग अर्ज करा."

प्रथम दोहोंतील भेद पाहूं. इंजिन हवा ओढतें, ती कार्बुरेटरच्या अरुंद गळ्यांतून वेगानें जाते, तेथील दाब कमी होतो व जेटच्या बारीक भोकांतून पेट्रोल वर खेचलें जातें. भोक ठराविक, हवा थंड कीं उष्ण, दाट कीं विरळ, हें त्यास कळत नाहीं. एक किलो पेट्रोल पुरतें जळण्यास सुमारें १४.७ किलो हवा लागते. इंजेक्टरच्या गाडींत हवेचें मान, उष्णता व धुरांतील प्राणवायु यांची नोंद घेऊन एक लहानसा संगणक पेट्रोलचें माप ठरवितो. उतारावर मूठ सोडतांच तो पेट्रोल बंदही करूं शकतो. कार्बुरेटर थोडें थोडें देतच राहतो. म्हणून इंजेक्टर काटकसरी, हें खरें.

परंतु १ एप्रिल २०२० पासून बी. एस. ६ हे नियम लागू झाल्यावर इंजेक्टर बहुतेक सर्वत्र आला, तो मुख्यतः विषारी धूर कमी करण्यासाठीं. पेट्रोलची बचत हा जोडलाभ होय.

आतां प्रत्यक्ष गोष्ट. आम्हीं टाकी काठोकाठ भरली, आंकडा टिपला, पुन्हा भरली. गाडी लिटरास ४२ किलोमीटर देत होती. तपासतां हवेची गाळणी शेतवाटेच्या धुळीनें भरलेली, चोक अर्धा ओढलेला, चाकांत हवा कमी व प्लग काजळीनें काळा निघाला. काजळी म्हणजे पेट्रोल जास्त व हवा कमी. हें सर्व नीट करतांच ५० मिळूं लागले.

समजा, नवी गाडी ६० देते व वर्षाची धांव ९,००० किलोमीटर आहे. जुनीस १८० लिटर लागतील, नवीस १५०. बचत ३० लिटरांची; भाव १०० रुपये धरल्यास ३,००० रुपये. एवढ्यांत कर्जाचें व्याज तरी भागेल काय?

ज्याचें इंजिनच झिजलें आहे, किंवा ज्याची धांव याच्या तिप्पट आहे, त्यानें नवी अवश्य घ्यावी. मात्र बॅटरी सांभाळावी, कारण तिच्यावांचून इंजेक्टरचा पंप चालत नाहीं. व टाकी तळास नेऊं नये, कारण टाकींतील पंप पेट्रोलनेंच थंड राहतो.

आप्पांनीं अर्ज भरला नाहीं. त्यांच्या गाडीच्या पेटींत आतां एक लहान वही असते. वाचकांनींही निदान तीन टाक्यांची सरासरी काढावी, आणि मगच सावकाराचें वा बँकेचें दार ठोठवावें, एवढीच विनंती.