कोळंबी सोडली म्हणून एपटेशिया जात नाही

चिंचपोकळीत गिरण्यांच्या जागी टॉवर आले आणि त्यांच्या हॉलमध्ये खाऱ्या पाण्याच्या टाक्या आल्या. चाळीतही आहेत, दहा बाय बाराच्या खोलीत स्टँडवर दोन फुटी टाकी, निळा दिवा, आत क्लाउनफिशची जोडी. ज्यांनी समुद्री मासे पहिल्यांदा पाहिले ते तारापोरवाला मत्स्यालयाच्या काचेतून, त्यांची मुलं आता घरात प्रवाळ वाढवतात. ही हौस खिशाला चांगलीच चाट लावते. त्यामुळे टाकीत कीड दिसली की जीव खालीवर होतो, आणि सल्ला ठरलेला मिळतो: ‘औषध नको, नॅचरल कर. एक मासा सोड, तोच साफ करेल.’

औषध नको, हे खरं. माशांवर चालणारं तांब्याचं औषध कोळंबी, गोगलगाय आणि प्रवाळ यांना मारूनच टाकतं. पण ‘एक मासा सोड’ या वाक्यात बरंच काही गृहीत धरलेलं असतं.

एपटेशिया घ्या. लाइव्ह रॉक म्हणजे टाकीतल्या जिवंत समुद्री दगडाच्या खाचेत एक तपकिरी, काचेसारखं पारदर्शक, लांब तंतूंचं फूल उमलतं. नव्या माणसाला ते आवडतंसुद्धा. आठवडाभराने शेजारी आणखी तीन असतात. हे समुद्रफूल शेजारच्या प्रवाळाला डंख मारून जागा बळकावतं. मग चिमटा घेऊन ते उपटायचं सुचतं, आणि तिथेच घोटाळा होतो. चाहूल लागताच ते आकसून खाचेत शिरतं, हाती वरचा भाग येतो, आणि दगडाला चिकटून राहिलेल्या तळव्याच्या बारीकशा तुकड्यातून पुन्हा अख्खं एपटेशिया उभं राहतं. ते स्वतःही सरकताना तळव्याचे तुकडे मागे सोडतं आणि त्यांतून वाढतं. उपटून ते कमी होत नाही, पसरतं.

मग पेपरमिंट श्रिम्प येते. ही कोळंबी एपटेशिया खाते, हे खरं आहे. पण प्रत्येक कोळंबी खात नाही, मोठ्या फुलांच्या वाटेला ती सहसा जात नाही, आणि संध्याकाळी तुम्ही टाकलेले पेलेट पोटभर मिळाले तर डंख मारणाऱ्या फुलाकडे तिने का वळावं? दुसरी अडचण दुकानातली. पेपरमिंट म्हणून बऱ्याचदा कॅमल श्रिम्प गळ्यात मारली जाते. पेपरमिंटचं अंग जवळजवळ पारदर्शक, त्यावर लांब लाल रेघा. कॅमलला पाठीवर कुबड, मोठे डोळे आणि लाल अंगावर पांढरे ठिपके-रेघा. कॅमल एपटेशिया सोडून तुमच्या मऊ प्रवाळावरच ताव मारायची शक्यता जास्त. पैसे देण्यापूर्वी काचेला नाक लावून कुबड बघा.

खरा पट्टीचा खाणारा म्हणजे बर्घिया, दोन-अडीच सेंटिमीटरची बिनशंखाची समुद्री गोगलगाय. एपटेशियाशिवाय ती दुसरं काही खातच नाही. गंमत म्हणजे त्याच्या न फुटलेल्या डंखपेशी ती पचवत नाही. पाठीवरच्या बोटांसारख्या फुगवट्यांच्या टोकांत साठवते आणि स्वतःच्या बचावाला वापरते. रात्री फिरते, पांढऱ्या वळशांत अंडी घालते. पण तिचं हे एकनिष्ठ खाणंच तिच्या मुळावर येतं: शेवटचं फूल संपलं की ती उपाशी मरते. शिवाय टाकीत सिक्स-लाइन रास हा मासा असेल, तर बर्घिया म्हणजे त्याचा नाश्ता. ‘दोन्ही सोड, लवकर साफ होईल’ म्हणून पेपरमिंट आणि बर्घिया एकत्र आणणारे तर कितीतरी. कोळंबी रातोरात बर्घिया फस्त करते आणि फुलं तशीच डोलत राहतात. म्हणून बर्घिया संख्येने सोडावी लागते, शत्रू आधी काढून, आणि काम झाल्यावर दुसऱ्या हौशी माणसाच्या टाकीत पाठवावी. कॉपरबँड बटरफ्लाय हा लांब चोचीचा मासा काही वेळा हे काम करतो. पण तो वीतभर वाढतो, दोन फुटी टाकी त्याची जागा नव्हे, आणि बरेचसे कॉपरबँड दुसरं अन्न न शिवता झुरून मरतात.

दुसरा पक्का गैरसमज क्लीनर रासबद्दल. माशांच्या अंगावर मिठाच्या दाण्यांसारखे ठिपके आले की हा निळा-काळा ‘डॉक्टर’ आणतात. समुद्रात तो माशांच्या त्वचेवरचे छोटे कवचधारी परजीवी टिपतो. ठिपक्यांचा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, त्वचेच्या वरच्या थराखाली शिरलेला असतो. तिथे डॉक्टरचं तोंड पोचत नाही. पुढे तो परजीवी गळून वाळूत, दगडावर कोष करतो आणि तिथून नवी पिलावळ माशांच्या शोधात निघते. ठिपके गेले म्हणजे रोग गेला असं नव्हे. गोड्या पाण्यातला पांढरा ठिपका हा वेगळाच जीव, त्याच्यावर चालणारं मीठ-उष्णतेचं औषध इथे लागू नाही. इथे मासे वेगळ्या टाकीत काढून उपचार करायचे आणि मुख्य टाकी दहा-अकरा आठवडे बिनमाशांची ठेवायची. डॉक्टर बिचारा छोट्या टाकीत भुकेनेच जातो.

ब्रिसल वर्म पाहून किंचाळू नका. गोमेसारखा दिसतो, केस टोचतात, पण बहुतेक जाती उरलेलं अन्न आणि मेलेलं खाणाऱ्या सफाई कामगार. त्यांची फौज वाढली, तर तुमचा हात खाणं घालताना सैल आहे.

एक गैरसमज मात्र जिवावर बेतू शकतो: ‘दगड उकळून घे, सगळी कीड मरेल, केमिकलही नको.’ दगडावर झोअँथिड हे प्रवाळांचे नातलग असतील, तर त्यांतल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे अत्यंत जहाल विष असतं, आणि त्यावर उतारा नाही. असा दगड उकळताना निघालेल्या वाफेने घरच्या घरी विषबाधा होऊन माणसं रुग्णालयात गेल्याच्या नोंदी परदेशात आहेत. एका खोलीच्या घरात, गॅसशेजारी, हा प्रयोग करायचाच नाही. ब्रशने खरवडतानाही हातमोजे आणि चष्मा हवा.

आणि ‘नॅचरल’च हवं तर सात रस्त्यावरून महालक्ष्मी ओलांडून हाजी अली गाठायची, ओहोटीला खडकावरून चार गोष्टी उचलायच्या, असाही एक शहाणपणा आहे. तिथे प्रवाळ खरंच आहेत. कोस्टल रोडसाठी 2020 मध्ये हाजी अली आणि वरळीच्या 18 प्रवाळ वसाहती परवानगी घेऊन दुसरीकडे हलवाव्या लागल्या. दगडी प्रवाळ, समुद्रपंखे, समुद्रकाकडी, समुद्रघोडा हे सगळे 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घेतले गेले. वाळू साफ करायला म्हणून समुद्रकाकडी उचलणंही गुन्हाच. किनाऱ्याचं पाणीही तसंच: पावसाळ्यात त्याचा खारेपणा घसरतो, आणि त्यातलं सांडपाणी टाकीत शेवाळाला खतपाणी घालतं.

कीड टाकीत आपोआप उगवत नाही, आपणच घरी आणतो. बहुतेकदा प्रवाळाचा तुकडा ज्यावर चिकटवलेला असतो त्या प्लगवर, उलट बाजूला. नवा तुकडा आणला की प्लग तोडून फेकावा. कोरल डिप म्हणजे प्रवाळ धुवायच्या द्रावणात बुडवल्यावर चपटे कृमी आणि प्रवाळ खाणाऱ्या गोगलगायी गळतात, पण त्यांची अंडी डिपला दाद देत नाहीत. ती भिंगातून शोधून ब्लेडने खरवडावी लागतात. मग वेगळ्या छोट्या टाकीत काही आठवडे ठेवून, दर आठवड्याला पुन्हा डिप. त्या टाकीला पंप, हीटर आणि साधा दिवा पुरतो. स्टँडच्या खालच्या कप्प्यात ती मावते.