कीबोर्डची मुकी पट्टी घरीच बोलती करा

भिवंडीत यंत्रमागांमुळे कापसाचे तंतू घराघरांत उडतात, तसे कीबोर्डातही शिरतात. परवा आमच्या भजनी मंडळाचा कीबोर्ड उघडला. पांढरी पाच मुकी झालेली, शेजारची पांढरी सहा हलकी दाबली तरी जोरात वाजायची.

दोन्हींचं मूळ एकच.

पट्ट्यांखाली रबराची स्ट्रिप असते. तिच्या फुगवट्यांत कार्बनच्या काळ्या टिकल्या. टच रिस्पॉन्स असेल तर एका पट्टीला दोन टिकल्या. पहिली टेकल्यापासून दुसरी टेकेपर्यंतचा वेळ मोजून आवाज किती मोठा हे ठरतं. मध्ये धूळ-तंतू बसले की हिशेब बिघडतो.

आधी अडॅप्टर आणि सेल काढा. स्क्रू लांब-आखूड असतात, म्हणून उघडताना फोटो काढत जा. रिबन केबल ओढू नका.

स्ट्रिप अलगद उचला. तंतू न सुटणाऱ्या फडक्याला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून टिकल्या आणि सर्किटवरचे काळे ठिपके हलक्या हाताने पुसा. पॉलिश पेपर अजिबात नको, कार्बनचा थरच निघून जातो. सगळं पूर्ण वाळल्यावरच जोडा.

आमच्या दोन्ही पट्ट्या आता स्वच्छ वाजतात. अडलं तर मॉडेल नंबर आणि आतला फोटो टाका, नक्की सांगतो.